ज्याला ज्यातलं कळतं, त्याचं त्यात वजन: गटाचे निर्णय घेण्याची एक पद्धत

नाशिक जिल्ह्यात दिंडोरी किंवा निफाड तालुक्यातल्या कुठल्याही द्राक्ष गटाची सप्टेंबरअखेरची बैठक घ्या. विषय एकच असतो: गोडी छाटणी (फळांसाठीची छाटणी) आता उरकायची की आठ दिवस थांबायचं. बोलणारे चार-पाच जण. त्यातल्या एकाचं क्षेत्र मोठं, एक वयानं वडीलधारा, एकाचा आवाज खणखणीत. बाकीचे माना डोलावतात आणि घरी जाऊन आपापल्या मनानं करतात. गेल्या कित्येक हंगामांच्या पावसाच्या नोंदी ज्याच्या वहीत आहेत, त्याला कुणी विचारतच नाही. कारण त्याचं वावर दोन एकर आणि बैठकीत बोलायची सवय नाही.

असा गट मूर्ख नसतो. त्यातली माहिती चुकीच्या वाटेनं वर येते, एवढंच. ती वाट बदलण्याची पद्धत इथे दिली आहे. साधारण १५ ते ३० माणसांचा, एकमेकांना ओळखणारा आणि वर्षभरात पंधरा-वीस तरी सामायिक निर्णय घेणारा गट डोळ्यांपुढे ठेवला आहे. शेतकरी उत्पादक कंपनी असो, पाणीवापर संस्था असो की नुसता व्हॉट्सअॅपवर जमलेला बागायतदारांचा गट, सांगाडा तोच. साहित्य म्हणजे एक दोनशे पानी रजिस्टर, कोऱ्या चिठ्ठ्या आणि मोबाइलवर साधी स्प्रेडशीट. शिवाय एक नोंदकर्ता लागतो. तो अध्यक्ष किंवा सचिव नसावा. बारावी झालेला, आकडेमोडीचा कंटाळा नसलेला एखाद्या सभासदाचा मुलगा किंवा मुलगी हे काम उत्तम करते.

आधी अंदाज आणि कौल वेगळे करा

बैठकीतला प्रत्येक प्रश्न दोन प्रश्नांची गुंडाळी असतो. ‘छाटणी थांबवायची का?’ यात एक प्रश्न असा: येत्या दहा दिवसांत पाऊस येईल का? हा अंदाज झाला. याला खरं-खोटं उत्तर आहे, ते दहा दिवसांनी सगळ्यांना दिसतं, आणि काही माणसांना ते इतरांपेक्षा जास्त चांगलं कळतं. दुसरा प्रश्न असा: पावसाचा धोका पत्करून लवकर माल आणायचा, की उशीर पत्करून धोका टाळायचा? हा कौल. इथे कुणी जाणकार नाही. ज्याच्यावर कर्ज आहे त्याचं उत्तर वेगळं, ज्याच्या घरात नोकरीचा पगार येतो त्याचं वेगळं, आणि दोन्ही बरोबर.

कर्तबगारीचं वजन, म्हणजे ज्याचे अंदाज खरे ठरत आलेत त्याच्या आकड्याला जास्त किंमत, फक्त अंदाजाला लावायचं. कौलाला एक माणूस, एक मत. ही रेघ पुसली की पद्धत नासते, कारण मग ‘मला जास्त कळतं’ म्हणणारा माणूस दुसऱ्याच्या खिशातला धोकाही ठरवायला लागतो.

कायदाही याच बाजूनं आहे. कंपनी कायदा, २०१३ मधल्या उत्पादक कंपनीच्या भागानुसार व्यक्ती सभासदाकडे भाग कितीही असोत, मत एकच. महाराष्ट्राच्या १९६० च्या सहकारी संस्था कायद्यातही तेच तत्त्व आहे. त्यामुळे सर्वसाधारण सभेच्या ठरावाला वजनाची गणितं लावता येणार नाहीत, लावायची गरजही नाही. वजनदार अंदाज हा सल्ला म्हणून सभेपुढे ठेवायचा आणि ठराव नेहमीच्या मतानं करायचा. उत्पादक कंपनीच्या संचालक मंडळाला तज्ज्ञ संचालक घेता येतात, एकूण संचालकांच्या एक-पंचमांशापर्यंत. दोन-तीन हंगामांची नोंद हाताशी असेल तर ही जागा पाव्हण्या-रावळ्यात न जाता योग्य माणसाला देता येते.

काही ठिकाणी कौलच इतका जड असतो की तिथे हुशारीचं काम नाही. दिंडोरीच्या वाघाड धरणावरचं सिंचन पाणीवापर संस्था सांभाळतात. पाणीवापर संस्थांच्या २००५ च्या राज्य कायद्यानं संचालक मंडळात शीर्ष, मध्य आणि पुच्छ अशा तिन्ही भागांतले शेतकरी घ्यायला लावले आहेत. चारीच्या तोंडाशी असलेल्या माणसाला पाण्यातलं कितीही कळत असलं, तरी शेपटाला पाणी कधी पोचलं पाहिजे हे तो ठरवू शकत नाही.

विषय पाडा, पण पाचापेक्षा जास्त नको

द्राक्ष गटासाठी हे पाच पुरतात: हवामान, रोग-कीड आणि औषधं, भाव व व्यापारी, मजूर आणि टोळ्या, पाणी-वीज. विषय बारा पाडले तर प्रत्येक विषयात वर्षाला दोन-चारच प्रश्न येतात आणि नोंदीला काही अर्थ उरत नाही. एकच ‘शेती’ विषय ठेवला तर भुरी हा रोग ओळखणाऱ्या माणसाला भावातलंही कळतं असं आपण गृहीत धरून बसतो. बहुतेक गटांत नेमकं हेच चालतं.

चिठ्ठ्यांची फेरी

पहिल्या बैठकीत प्रत्येकाला विषयवार पाच चिठ्ठ्या द्या. प्रत्येकीवर एकच प्रश्न: ‘या विषयात अडलं तर तुम्ही कुणाला फोन करता?’ जास्तीत जास्त तीन नावं. स्वतःचं नाव नाही, सख्ख्या भावाचं नाही, एका घरातल्यांनी एकमेकांची नाही. ‘उत्तम शेतकरी कोण’ असं विचारू नका. तसं विचारलं की माणूस मान ठेवून लिहितो. फोन कुणाला करतो हे विचारलं की खरं लिहितो.

गटाबाहेरचं नाव चालतं. सातबारा कुणाच्या नावावर आहे हेही इथे पाहायचं नाही. विरळणी, डिपिंग (घड संजीवकाच्या द्रावणात बुडवणं) आणि टोळ्यांचं काम प्रत्यक्ष जिच्या देखरेखीखाली होतं त्या बाईचं नाव सभासदांच्या यादीत नसलं, तरी चिठ्ठीवर आलं पाहिजे. घरटी चिठ्ठ्यांचे दोन संच दिले की हे आपोआप घडतं.

नोंदकर्त्यानं मोठ्या कागदावर प्रत्येक विषयाचा वेगळा नकाशा काढावा: माणूस म्हणजे ठिपका, चिठ्ठी म्हणजे बाण. यात तीन गोष्टी पाहायच्या. कुणाकडे सगळ्यात जास्त बाण येतात. ज्याच्याकडे बाण येतात तो स्वतः कुणाला विचारतो. बऱ्याचदा खरा जाणकार तिथे सापडतो, कारण त्याच्याकडे फक्त एक-दोन पण वजनदार बाण आलेले असतात. आणि कोण एकटा पडलाय, म्हणजे त्याला कुणी विचारत नाही आणि त्यानंही कुणाचं नाव लिहिलेलं नाही. अशा माणसाला पुढच्या महिन्यात मुद्दाम कुणाशी तरी जोडून द्यावं लागतं.

हा नकाशा म्हणजे ख्याती. कर्तबगारी यापुढे मोजायची आहे, आणि दोन्हींत बरंच अंतर निघू शकतं. म्हणून चिठ्ठ्यांवरून कुणालाही वजन द्यायचं नाही. सुरुवातीला सगळ्यांचं वजन १.

अंदाजाची वही

सगळी पद्धत या वहीवर उभी आहे, म्हणून इथे घाई नको.

पहिलं काम प्रश्न नीट लिहिण्याचं. ‘पाऊस होईल का?’ हा प्रश्न नव्हे. दोन शिंतोडे पडले की दोन्ही बाजू आपणच बरोबर म्हणतात. असा लिहा: ‘१ ते १० ऑक्टोबर या काळात आपल्या महसूल मंडळाच्या स्वयंचलित हवामान केंद्रावर कुठल्याही एका दिवशी १० मिलिमीटर किंवा जास्त पाऊस नोंदला जाईल का?’ यात तारीख आहे, आकडा आहे आणि निकाल कुठून घ्यायचा तेही आहे. तुमच्या शिवारात आणि मंडळाच्या केंद्रावर पाऊस वेगळा पडतो अशी तक्रार असेल, तर गटानं स्वतःचं पर्जन्यमापक बसवावं आणि ते कुणाच्या मळ्यात आहे हे प्रश्नातच लिहावं. निकालाची जागा आधी ठरलेली असली की भांडण होत नाही.

मजुरांचा प्रश्न असा होईल: ‘पेठ-सुरगाण्याकडून ठरलेली छाटणीची टोळी २५ सप्टेंबरपर्यंत किमान दहा माणसांनिशी कामावर हजर होईल का?’ भावाचा असा: ‘फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात गटातल्या जागेवरच्या सौद्यांचा सरासरी भाव अमुक रुपयांच्या वर असेल का?’ आकडा असा निवडा की गटात मतभेद व्हावा. सगळेच ‘हो’ म्हणतील असा प्रश्न वहीत जागा अडवतो.

उत्तर हो-नाहीत घ्यायचं नाही, टक्क्यांत घ्यायचं. ‘सत्तर टक्के येईल.’ सुरुवातीला लोक हसतात, दोन-तीन आठवड्यांत जमतं. सवयीसाठी लासलगावचा कांदा फार उपयोगी, कारण भाव रोज जाहीर होतो: ‘येत्या शुक्रवारी उन्हाळ कांद्याचा सरासरी दर आजच्यापेक्षा वर असेल का?’ आठवड्याला असा एक प्रश्न टाकला की महिन्याभरात माणसाला आपल्या सत्तर टक्क्यांचा खरा अर्थ कळायला लागतो. हे सरावाचे प्रश्न वजनात धरायचे नाहीत.

आता दंड, म्हणजे अंदाज किती चुकला याचे गुण. अमेरिकी हवामान खात्यातल्या ग्लेन ब्रायर यांनी १९५० मध्ये हवामानाचे अंदाज तपासायला जी रीत मांडली, तीच इथे सोपी करून वापरायची. घटना घडली तर खरं उत्तर १००, नाही घडली तर ०. तुमचा टक्का आणि खरं उत्तर यांतला फरक घ्या, दहानं भागा आणि त्याचा वर्ग करा. ७० म्हणालात आणि पाऊस आला: फरक ३०, भागून ३, वर्ग ९. पाऊस नाही आला: फरक ७०, भागून ७, वर्ग ४९. कायम ‘५०’ म्हणणाऱ्याला दर वेळी २५. ठामपणे १०० म्हणून तोंडघशी पडणाऱ्याला थेट १००. दंड जितका कमी तितका माणूस चांगला. या रीतीत खोटा टक्का सांगून फायदा होत नाही. मनात ७० असेल तर ७० सांगण्यातच सरासरी दंड सगळ्यात कमी येतो. बढाईखोर आणि कुंपणावर बसणारा, दोघंही इथे आपोआप उघडे पडतात.

एक सापळा रोगाच्या प्रश्नात आहे. ‘पोंगा अवस्थेत (डोळे फुटताना) डाऊनी (केवडा, बुरशीचा रोग) येईल का?’ असं विचारलंत, जाणकारानं ८० टक्के म्हटलं, सगळ्यांनी फवारणी केली आणि डाऊनी आलीच नाही. वहीत त्याला ६४ दंड पडतो, खरं तर त्यानं बागा वाचवल्या! ज्या गोष्टीवर आपणच उपाय करणार आहोत तिचा निकाल वहीत घेऊ नये. त्याऐवजी मागची पायरी विचारा: इतके तास पानं ओली राहतील का, तापमान अमुक खाली जाईल का, किंवा ठरलेल्या दिवशी बागेत पाहणी केली तर अमुक टक्क्यांहून जास्त वेलींच्या पानांवर तेलकट डाग सापडतील का. पाहणी फवारणीच्या आधीची हवी.

वजन किती आणि कधी

एका विषयातले दहा प्रश्न पूर्ण होईपर्यंत वजन बदलू नका. दहासुद्धा कमीच. नुसतं नाणं उडवून उत्तर देणाऱ्या माणसाचे दहापैकी सात किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता सुमारे १७ टक्के असते. २४ जणांच्या गटात असे चार ‘जाणकार’ केवळ नशिबानं तयार होतात. वीस प्रश्न झाले की वीसपैकी चौदा नशिबानं बरोबर येण्याची शक्यता सहा टक्क्यांच्या आत येते. म्हणून पहिल्या हंगामात वजनं सौम्य ठेवायची आणि दुसऱ्या हंगामानंतर त्यांवर विसंबायचं.

सरासरी दंडावरून वजन असं: २५ किंवा जास्त असेल तर १. वीस ते पंचवीसच्या आत दीड. पंधरा ते वीसच्या आत २. पंधराच्या खाली ३. तीनच्या वर कुणालाच नाही आणि एकाखाली कुणीच नाही. ज्यानं विषयातले निम्म्याहून कमी प्रश्न सोडवले त्याचं वजन १, म्हणजे सोपे तेवढे प्रश्न उचलून वजन वाढवणं बंद होतं. ज्या प्रश्नावर सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी टक्क्यांत ३० चाही फरक नाही, तो प्रश्न वजनाच्या हिशेबात धरू नका. जानेवारीत पाऊस पडणार नाही हे सगळ्यांनाच माहीत असतं.

तीनची मर्यादा कशाला? शुद्ध गणित वेगळं सांगतं. दहापैकी नऊ वेळा बरोबर ठरणाऱ्या एका माणसाला दहापैकी सहा वेळा बरोबर ठरणाऱ्या पाच जणांपेक्षाही जास्त वजन मिळायला हवं, असा हिशेब निघतो. पण त्या गणिताला माणसाचा खरा ‘नऊ’ माहीत असावा लागतो आणि आपल्या हातात असते ती दहा-वीस प्रश्नांची नोंद. शिवाय ते पाच जण एकमेकांपासून स्वतंत्र विचार करतात असं ते गणित धरून चालतं. मर्यादा म्हणजे आपल्या अज्ञानाची किंमत.

बहुमताच्या ताकदीचं मूळ गणित फ्रेंच गणिती काँदोर्से यांनी १७८५ मध्ये मांडलं. प्रत्येक जण ६० टक्के वेळा बरोबर असेल तर पाच जणांचं बहुमत ६८ टक्के वेळा बरोबर येतं, अकरा जणांचं ७५ टक्के. उलट प्रत्येक जण ४० टक्केच बरोबर असेल तर पाचांचं बहुमत ३२ वर घसरतं. ज्या विषयात गटातल्या बहुतेकांना काहीच कळत नाही, तिथे माणसं वाढवून शहाणपण वाढत नाही. ऐकीव गोष्टींवर चालणाऱ्या विषयांत, उदाहरणार्थ बांगलादेश द्राक्षांवरच्या आयात शुल्काचं काय करेल, गटाचा अंदाज काढूच नये. बाहेरच्या दोन निर्यातदारांना विचारावं आणि त्यांचेही टक्के वहीत लिहावेत.

प्रत्यक्ष हिशेब असा. वरच्या पावसाच्या प्रश्नावर पाच जणांनी टक्के दिले:

- ८० (वजन ३)
- ७० (वजन २)
- ६०, ४० आणि ३० (तिघांचं वजन १)

टक्का गुणिले वजन: २४० अधिक १४० अधिक ६० अधिक ४० अधिक ३०, एकूण ५१०. वजनांची बेरीज ८. उत्तर ६४ टक्के. साधी सरासरी काढली असती तर ५६ आली असती.

या ६४ चं काय करायचं हे टक्के गोळा करण्याआधी ठरलेलं असावं, आणि ते कौलानं: ‘साठच्या वर गेला तर निम्मं क्षेत्र आता आणि निम्मं आठ दिवसांनी छाटायचं.’ आकडा आल्यावर नियम ठरवायला बसलं की ज्याला जे करायचं होतं तोच नियम निघतो.

बैठक चाळीस मिनिटांची

प्रश्न आदल्या संध्याकाळी गटावर टाका, म्हणजे लोक आपापल्या वह्या, हवामानाचे अंदाज पाहून येतात. बैठकीत पहिली पाच मिनिटं गप्प. प्रत्येकानं चिठ्ठीवर टक्का आणि एका ओळीत कारण लिहून नोंदकर्त्याला द्यायचं. व्हॉट्सअॅपचा पोल इथे वापरू नका. त्यात कुणी काय निवडलं ते सगळ्यांना दिसतं आणि आप्पांनी काय टाकलं ते पाहूनच बाकीचे बोट लावतात. मोबाइलवरूनच घ्यायचं असेल तर नोंदकर्त्याला वैयक्तिक मेसेज करावा.

हा गप्पपणा फार मोलाचा. इंग्लंडात प्लायमाउथच्या १९०६ च्या पशुप्रदर्शनात एका बैलाचं कापून साफ केल्यावर भरणारं वजन ओळखायची स्पर्धा होती. फ्रान्सिस गॅल्टन यांनी नंतर ७८७ चिठ्ठ्या तपासल्या. चढत्या क्रमानं लावल्यावर मधोमध येणारा अंदाज १२०७ पौंड निघाला, प्रत्यक्ष वजन होतं ११९८. ही किमया घडली कारण प्रत्येकानं आपापली चिठ्ठी भरली होती. पारावर बसून चर्चा करून एक आकडा काढला असता तर तो सगळ्यात मोठ्यानं बोलणाऱ्याचा निघाला असता.

मग नोंदकर्ता टक्के नावांशिवाय वाचतो. ज्यानं सगळ्यात जास्त आणि ज्यानं सगळ्यात कमी टक्का दिला, त्या दोघांनी आधी बोलायचं, तीन-तीन मिनिटं. मधल्यांपेक्षा टोकाच्या माणसाकडेच बहुधा काहीतरी वेगळी माहिती असते, किंवा त्याचा प्रश्न समजण्यात घोळ झालेला असतो. दोन्ही कळणं गरजेचं. त्यानंतर वयानं लहान आधी, थोर शेवटी. नानांनी बोलल्यावर पुतण्या वेगळं बोलत नाही हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. वीस मिनिटांची चर्चा झाली की दुसऱ्यांदा चिठ्ठी. वहीत दुसरा टक्का धरायचा, पण पहिलाही लिहून ठेवायचा. हंगाम संपल्यावर दोन्हींचे दंड ताडून पाहिले की बैठकीतल्या चर्चेनं गट शहाणा होतो की बहकतो ते समजतं. चर्चेनंतर दंड वाढत असेल तर त्या विषयात चर्चाच बंद करून नुसत्या चिठ्ठ्या घ्या.

वजन सोपवणं

डिपिंगच्या दिवसांत कुणाला बैठकीला यायला सवड नसते. अशा वेळी सभासदाला आपलं वजन दुसऱ्याकडे सोपवता यावं, पण विषयवार: हवामानात एकाकडे, भावात दुसऱ्याकडे. सोपवणारा कधीही परत घेऊ शकतो, कारण न सांगता. सोपवताना वजन १ च जातं; तुमचं ३ हे तुमच्या डोक्याचं आहे, ते उधार देता येत नाही. पुढे सोपवायला मनाई, नाहीतर अ नं ब ला, ब नं क ला आणि क नं पुन्हा अ ला दिलं की हिशेब गोल फिरतो. एका माणसाकडे चारच्या वर वजनं जमू देऊ नका. जर्मनीच्या पायरेट पार्टीनं २०१० च्या सुमारास अशी सोपवण्याची पद्धत संगणकावर चालवली, तेव्हा मोजक्या लोकांकडे मतांचा ढीग साचला आणि त्यावरून पक्षातच वाद पेटले.

हितसंबंध

ज्याचं कृषी सेवा केंद्र आहे त्याला औषधातलं कळतं यात शंका नाही. पण ‘ही फवारणी हवी का’ या प्रश्नात त्याचं वजन शून्य. माहिती द्यावी, टक्का लिहावा, तो वहीत नोंदवावा, मात्र बेरजेत धरू नये. व्यापाऱ्याकडून दलाली घेणारा, ज्याच्या बागेचा सौदा त्याच आठवड्यात व्हायचा आहे तो, ज्याच्या मेहुण्याची टोळी आहे तो, सगळ्यांना हाच नियम. बैठकीच्या सुरुवातीला नोंदकर्त्यानं एकदा विचारायचं: ‘या प्रश्नात कुणाचा व्यवहार आहे का?’ न सांगता नंतर उघड झालं तर त्या विषयातलं वजन एक हंगाम १ वर.

पैसे घेऊन प्लॉटला भेट देणाऱ्या सल्लागाराचेही टक्के मागा. काही जण द्यायला तयार होतात, काही जण ‘असं आकड्यात सांगता येत नाही’ म्हणतात. दुसऱ्या प्रकारच्या सल्लागाराची फी पुढच्या वर्षी द्यायची का, हा मात्र कौलाचा प्रश्न.

जिथे ही पद्धत लावायची नाही

व्यापारी माल उचलून पैसे बुडवेल का, हा प्रश्न वहीसाठी वाईट आहे. दहा सौद्यांतले नऊ नीट होतात, त्यामुळे ‘बुडवणार नाही, ९० टक्के’ म्हणणारा वर्षानुवर्षं जाणकार ठरत राहतो आणि दहाव्या सौद्यात अख्खा हंगाम जातो. क्वचित घडणाऱ्या पण घडल्यावर उठू न देणाऱ्या गोष्टींना अंदाज नको, नियम हवा: काढणीच्या दिवशी रोख किंवा खात्यावर रक्कम आल्याशिवाय गाडी मळ्यातून हलवायची नाही, नवा व्यापारी असेल तर गटातल्या दोघांनी त्याची मागच्या हंगामाची देणी कुठे कुठे राहिलीत ते विचारायचं. काढणीपूर्व कालावधीत (काढणीआधी फवारणी बंद ठेवायच्या दिवसांत) औषध मारायचं नाही, हेही तसंच. निर्यातीचा माल औषधाच्या उर्वरित अंशामुळे अडकला तर कुणाचं वजन किती होतं याला अर्थ नाही.

कुरबुरी

पहिली कुरबुर वडीलधाऱ्यांची असते. आजवर ज्यांच्या शब्दावर गट चालला, त्यांचं हवामानातलं वजन १ निघालं की ते बैठकीला येईनासे होतात. म्हणून दंडाचे आकडे सगळ्यांपुढे वाचू नयेत. प्रत्येकाला स्वतःचे आकडे, आणि सगळ्यांना प्रत्येक विषयातली फक्त वजनं. बऱ्याचदा त्याच माणसाचं मजुरांच्या किंवा पाण्याच्या विषयात वजन चांगलं निघतं. बैठकीचं अध्यक्षपद वजनाशी जोडू नका. तो मान वेगळा ठेवावा.

दुसरी, निकालावरून निर्णय तपासण्याची खोड. ६४ टक्के पाऊस म्हटलं, छाटणी दोन टप्प्यांत केली, पाऊस आला नाही. ‘बघा, उगाच थांबलो’ असा सूर निघतो. ६४ म्हणजे शंभरातल्या ३६ वेळा कोरडं जाणारच. एका प्रश्नावरून वजन किंवा नियम बदलायचा नाही हे रजिस्टरच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

तिसरी, नोंदकर्ता दमतो. वर्षाला विषयामागे दहा, म्हणजे पन्नास प्रश्न झाले तरी दर आठवड्याला साधारण एकच पडतो. पण ते सगळे ऑक्टोबर ते फेब्रुवारीत साचतात. दोन नोंदकर्ते ठेवा आणि त्यांना काहीतरी मानधन द्या. फुकटची वही डिसेंबरमध्ये बंद पडते.

वर्षाचं वेळापत्रक

ऑगस्टमध्ये विषय आणि चिठ्ठ्यांची फेरी. कसमादे पट्ट्यातल्या (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) आगाप म्हणजे लवकर छाटणीच्या गटांनी हे मे-जूनमध्येच उरकावं. सप्टेंबरमध्ये कांद्याच्या भावावर सराव आणि कौलाचे नियम. छाटणीपासून काढणीपर्यंतच्या साधारण १२० ते १४० दिवसांत खरे प्रश्न. दिवाळीला टोळ्या गावी जातात तेव्हाचा आठवडा मजुरांच्या प्रश्नांसाठी राखून ठेवा. खरड छाटणी (काढणीनंतरची छाटणी) उरकल्यावर, एप्रिल-मेमध्ये, दंडांची सरासरी काढून नवी वजनं लावा. चालू हंगामाचे दंड पूर्ण धरा, मागच्याचे निम्मे, त्याआधीचे सोडून द्या. नव्या सभासदाला वजन १ देऊन लगेच सुरू करू द्या.

रजिस्टरच्या पानावर सात रकाने आखा: तारीख, विषय, प्रश्न, निकाल कुठून घ्यायचा, निकालाची तारीख, कुणाचा व्यवहार, निकाल. टक्के आणि दंड स्प्रेडशीटमध्ये. प्रश्न मात्र कागदावर आणि शाईनंच लिहा, म्हणजे नंतर कुणी ‘मी तसं म्हटलंच नव्हतं’ म्हणाला तर पान उघडून दाखवता येतं.